इमारतींची उंची आणि कष्टकऱ्यांची घरं: बडोद्यातल्या मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

नवी टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, जाहीर झाली, शेजारच्या प्लॉटभोवती पत्रे लागले किंवा बिल्डरने वाड्याला मागणी घातली, की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती मजल्यांची. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, कारेलीबागेत, मांजलपुरात, सगळीकडे तेच. त्यालाच चिकटलेला दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतं: मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत), नंदेसरीत, मंजुसरला राबणाऱ्या माणसाने या शहरात राहायचं कुठे? हे दोन्ही प्रश्न वेगळे काढून सुटत नाहीत, म्हणून इथे उत्तरं एकत्र दिली आहेत. नियमांतले आकडे सुधारणांनी बदलत असतात. तुमच्या प्लॉटचा आकडा सेवासदनाच्या (महापालिकेच्या) नगररचना विभागात किंवा वुडात (वडोदरा शहरी विकास प्राधिकरणात) तपासा आणि मगच बाना, म्हणजे आगाऊ रक्कम, द्या.

आमच्या रस्त्यावर किती मजले चालतील, हे ठरवतं कोण?

एकच कोणी नाही. गुजरातमध्ये २०१७ पासून राज्यभर एक समान विकास नियमावली आहे, तिला सगळे सीजीडीसीआर म्हणतात. तिच्यात उंचीचा पहिला निकष रस्त्याची रुंदी हा आहे. रस्ता रुंद तशी उंची जास्त. कारण सरळ आहे: आग लागली तर बंबाची गाडी आत आली पाहिजे, वळली पाहिजे, शिडी उभी राहिली पाहिजे. त्यानंतर चारही बाजूंना मोकळं सोडायचं मार्जिन, मग विमानतळाची मर्यादा, मग जवळपास संरक्षित वास्तू असेल तर तिचा कायदा. या सगळ्यांतून येणारा सर्वांत लहान आकडा तुमचा. कोणी फक्त रस्त्यावरून मजले मोजून सांगत असेल तर हिशेब अर्धाच झाला आहे, असं समजा.

एफएसआय आणि उंची एकच ना?

नाही, आणि या गोंधळातूनच बहुतेक भांडणं होतात. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते. उंची म्हणजे ते बांधकाम कितपत वर नेता येईल ते.

उदाहरणापुरता १,००० चौरस मीटरचा प्लॉट आणि १.८ एफएसआय धरा. एकूण बांधकाम १,८०० चौरस मीटर. प्रत्येक मजला ४५० चौरस मीटरचा केला तर चार मजले होतात, २२५ चा केला तर आठ. बांधकाम तेवढंच, माणसं तेवढीच. आठ मजल्यांच्या इमारतीभोवती जमीन जास्त मोकळी राहते, चार मजल्यांची पसरते. म्हणजे मजले दुप्पट झाले म्हणून वस्ती दुप्पट होत नाही.

वस्ती ठरते घराच्या आकाराने. त्याच १,८०० चौरस मीटरमध्ये जिना-व्हरांड्यासह ४५ चौरस मीटरची घरं काढली तर ४० कुटुंबं राहतात, १२० ची काढली तर १५. कामगाराला परवडेल असं घर त्या इमारतीत आहे की नाही, हे या आकड्यावरून कळतं. बिल्डरच्या जाहिरातीत मजले मोठ्या अक्षरांत असतात आणि कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायची जागा, कोपऱ्यात. वाचताना आपण उलटं करायचं. घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया लिहिणं सक्तीचं आहे.

इमारत उंच बांधली की घर स्वस्त पडतं ना?

एका मर्यादेपर्यंत. जमीन महाग असेल तर तिची किंमत जास्त घरांत वाटली जाते, हे खरं. पण मजले वाढतात तसा प्रत्येक चौरस फुटाचा बांधकाम खर्चही वाढतो. तळमजला अधिक तीन मजले असेपर्यंत साधा पाया, साधा जिना, एक गच्चीवरची टाकी यांवर भागतं. १५ मीटर ओलांडले की राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ती हायराइज. मग लिफ्ट, आगीची वेगळी टाकी, पंप, आगीच्या पाण्याचे उभे पाइप, जनरेटर. आणखी वर गेलात की रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा), दुसरा जिना, जाड कॉलम. हा खर्च खरेदीदाराच्याच खिशातून जातो.

म्हणून गोत्री किंवा वासणा-भायली भागात १५ मजली टॉवर उभा राहिला म्हणजे कामगारांची सोय झाली, असं होत नाही. तिथे मोठी घरं बांधली जातात आणि मोठ्या घरांच्या भावाने विकली जातात. कामगाराला परवडणारी इमारत बहुतेक वेळा चार-पाच मजल्यांची, लहान घरांची आणि साधी असते. जिथे जमिनीचा भाव फार वर गेला आहे तिथे सात-आठ मजलेही हिशेबात बसतात, पण त्यातली घरं लहान ठेवण्याची अट परवानगीतच घातलेली हवी. नंतर कोणी पाळत नाही.

बडोद्यातही सत्तर मजली इमारती होणार, असं ऐकलं. त्याने काही फरक पडेल?

ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारने १०० मीटरपेक्षा उंच इमारतींचं धोरण जाहीर केलं आणि २०२१ मध्ये नियम आले. ते अहमदाबाद, सुरत, राजकोट, गांधीनगर यांच्यासह बडोद्यालाही लागू आहेत. त्यासाठी किमान ३० मीटरचा रस्ता आणि मोठा प्लॉट लागतो. कामगारांच्या घरांशी या इमारतींचा संबंध नाही, त्यावर वेळ घालवू नका.

विमानतळाच्या एनओसीत (ना-हरकत पत्रात) ८५ मीटर लिहिलं आहे. मग ८५ मीटर बांधता येईल का?

नाही. हरणी, समा, कारेलीबाग, न्यू व्हीआयपी रोड या भागांत ही चूक फार होते आणि महागात पडते. विमानतळ प्राधिकरण जी उंची देतं ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. बडोद्याची जमीनच समुद्रसपाटीपासून साधारण ३५ ते ४० मीटर वर आहे. तुमच्या प्लॉटची पातळी ३८ मीटर असेल, तर ८५ मधून ३८ वजा करा. उरले ४७ मीटर. त्यात गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक, मोबाइलचा अँटेना सगळं आलं.

धावपट्टीपासून साधारण चार किलोमीटरच्या पट्ट्यात विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटर वर जायचं नाही, ही मूळ कल्पना. विमान ज्या दिशेने उतरतं आणि चढतं, त्या दिशेला मर्यादा याहून कडक असते. यासाठी केंद्राचे २०१५ चे नियम आहेत, रंगवार नकाशे आहेत आणि अर्ज ऑनलाइन होतो. फ्लॅट घेणाऱ्यानेही ही एनओसी मागून पाहावी. वरच्या मजल्याचं घर घेताय तर नक्कीच.

आमचं घर तांबेकर वाड्याजवळ आहे. पाडून नवं बांधता येईल?

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणांचं घर, भिंतींवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा स्पष्ट आहे: संरक्षित सीमेपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीने. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीसुद्धा परवानगी घेऊनच. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात, दारापासून नाही. आधी मोजणी करून घ्या, मग बिल्डरशी बोला. तोंडी आश्वासनावर घर रिकामं करून दिलेल्या माणसाला वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात राहावं लागतं, आणि म्हातारपणी ते फार कठीण जातं.

दांडिया बाजारातल्या गल्लीत उंच इमारतींना विरोध करावा का?

माझ्या मते, करावा. गल्ली अरुंद, वीज-गटाराच्या लाइन जुन्या, बंब आत येत नाही. तिथे दोन-तीन मजल्यांचे वाडे, मधला चौक, रस्त्याकडची लाकडी गॅलरी ही रचना टिकवणं हे केवळ जुन्याचं प्रेम नाही. त्या रचनेत उजेड आणि वारा येतो आणि दाट वस्ती असूनही माणसं एकमेकांना ओळखतात. मांडवी, वाडी, लहेरीपुरा, रावपुरा या पट्ट्यात उंची आवरलेली बरी.

पण विरोध तिथेच थांबायला हवा. जुन्या शहरासाठी केलेली मागणी उचलून मांजलपूरच्या किंवा तरसालीच्या ३० मीटरच्या रस्त्यावर लावली, की ती वारसा जपण्याची मागणी राहत नाही. तिथे उंची रोखली तर कामगार आणखी लांब फेकला जातो. दोन्ही ठिकाणचं उत्तर एकच असू शकत नाही.

समुद्रकाठच्या गावांत तर सगळीकडे उंचीवर बंदी असते. मग इथे का नको?

आपल्यापैकी बऱ्याच घरांचं मूळ गाव कोकणात, म्हणून हा प्रश्न येतो. किनाऱ्याची कारणं वेगळी आहेत. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली आणला. कमी वस्तीच्या किनाऱ्यावर घर बांधायला परवानगी मिळाली ती ९ मीटर उंची आणि दोन मजल्यांपर्यंत. किनारा, वाळू, खारफुटी, कोळीवाडे आणि वादळाचा मारा यांचा विचार त्यामागे होता. मुंबईसारख्या बांधलेल्या किनाऱ्यावर एफएसआय १९९१ च्या पातळीवरच गोठवला गेला, तो २०१९ च्या अधिसूचनेने सैल झाला.

अमेरिकेत मुलं असलेले काही जण सॅन दिएगोचं उदाहरण देतात. तिथल्या मतदारांनी १९७२ मध्ये किनाऱ्यालगतच्या भागासाठी ३० फुटांची मर्यादा मंजूर केली. ३० फूट म्हणजे जवळपास तेच ९ मीटर. समुद्र सगळ्यांना दिसावा, किनाऱ्यावर भिंत उभी राहू नये, ही इच्छा रास्तच होती. पण किनाऱ्याला घरं कमी आणि मागणी अफाट, अशी स्थिती झाली की हॉटेलातला आचारी, नर्स, शिक्षक तिथे राहू शकत नाहीत. ते लांबून येतात, पहाटे निघतात, रात्री पोचतात. आपल्या कोकणातही समुद्राजवळच्या जागा शहरातल्या लोकांची सुट्टीची घरं व्हायला लागली, की तिथे काम करणाऱ्या स्थानिक माणसाला भाड्याची खोली मिळणं अवघड होतं.

म्हणजे किनाऱ्याकडून शिकायचं आहे ते असं: उंची रोखायची असेल तर खुशाल रोखा, पण त्याच बैठकीत कष्टकऱ्यांची घरं कुठे होतील तेही ठरवा. बडोद्याला समुद्र नाही, विश्वामित्री आहे, आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

विश्वामित्रीच्या पुराचा उंचीशी काय संबंध?

फार जवळचा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलाजवळ नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी खूप मागे टाकली आणि दिवसचे दिवस तळमजले पाण्यात राहिले. ज्यांचं घर तळमजल्यावर, त्यांचं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, फ्रिज सगळं गेलं. तळमजल्यावर बहुतेक कोण राहतं? ज्याला वरचं घर परवडत नाही तो.

म्हणून नदीजवळच्या सखल भागात होलो प्लिंथ, म्हणजे खाली फक्त पार्किंग आणि राहणं पहिल्या मजल्यापासून, ही रचना गरिबांच्या इमारतींना सर्वांत आधी मिळायला हवी. त्यासाठी एक मजला उंची वाढत असेल तर त्याला हरकत घेऊ नका. मीटर, पंप आणि लिफ्टचं पॅनेलही वर घ्यायला सांगा. आणि नदीच्या पात्राला लागून भराव घालून घरकुलांचा प्लॉट दिला जात असेल, तर त्याविरुद्ध जरूर बोला. स्वस्त जमीन म्हणून पुराची जमीन गरिबाच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

कामगारांची घरं आली की आमच्या सोसायटीचे भाव पडतील का?

हा प्रश्न बहुतेक जण आडून विचारतात, पण उत्तर सरळच द्यायला हवं. भाव रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना आणि मागणी यांवर ठरतो. नीट बांधलेली, नीट सांभाळलेली चार मजली इमारत शेजारी आली म्हणून तुमचं टेनामेंट (बैठं घर) कवडीमोल होत नाही. सांभाळ नसलेली इमारत मात्र, श्रीमंतांची असो की गरिबांची, आजूबाजूचं वातावरण बिघडवते.

आणि कामगार म्हणजे कोण, ते आठवा. सयाजी हॉस्पिटलमधल्या वॉर्डबॉयपासून मकरपुऱ्यातल्या टर्नर-फिटरपर्यंत, तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत. यांतली कितीतरी माणसं मराठी बोलणारी आहेत. गायकवाडांच्या काळात आपली कुटुंबं नोकरीसाठीच इथे आली. तेव्हा राहायला जागा मिळाली म्हणून आपण बडोदेकर झालो.

पूर्वी कंपन्याच घरं द्यायच्या. आता का नाही?

कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली तिच्याबरोबर जवाहरनगर वसलं. जीएसएफसी या खत कारखान्याबरोबर फर्टिलायझरनगर. अलेम्बिक या औषध कंपनीची स्वतःची वसाहत होती, रेल्वेची प्रतापनगरला आहे. शाळा, दवाखाना, मैदान, सगळं आवारात. ती घरं मुख्यतः कायम नोकरीवाल्यांची होती. आज कारखान्यात काम करणाऱ्यांत कंत्राटदाराची माणसं खूप असतात आणि त्यांना घर देण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मग एका खोलीत सहा-सात जण पाळीपाळीने झोपतात.

मग कायद्यात कष्टकऱ्यांसाठी जागा आहे तरी का?

आहे, आणि हीच गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. गुजरातचा नगररचना कायदा १९७६ चा. त्यातल्या टीपी स्कीममध्ये सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, सार्वजनिक प्लॉट काढतात आणि उरलेली जमीन फायनल प्लॉट म्हणून परत देतात. याच कायद्यात सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागास वर्गाच्या घरांसाठी स्कीमच्या क्षेत्राच्या १० टक्के किंवा त्याच्या शक्य तितकी जवळ जमीन राखण्याची तरतूद आहे.

दहा टक्के म्हणजे थोडं नाही. १०० हेक्टरच्या स्कीममध्ये १० हेक्टर. ती जमीन पूर्ण राखली आहे का, कुठे दिली आहे, तिला किती रुंद रस्ता आहे, ती तळ्याच्या काठाला किंवा हाय टेन्शन लाइनखाली ढकलली आहे का, आणि वर्षं उलटली तरी रिकामी पडून आहे का, हे बघायला हवं. मजल्यांवरून जितका आवाज होतो त्याच्या चौथाई आवाज जरी या प्लॉटसाठी झाला, तर मकरपुरा आणि छाणी भागातल्या हजारो कुटुंबांचं भलं होईल, अशी माझी खात्री आहे.

केंद्राच्या योजनेत आम्ही बसतो का?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, ६ लाखांपर्यंत अल्प, ९ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं. स्वतःच्या जागेवर बांधणं, भागीदारीत बांधलेल्या प्रकल्पात घर, भाड्याची घरं आणि कर्जाच्या व्याजात सवलत, असे चार मार्ग आहेत. व्याजसवलत जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर.

बांधकाम चालू असलेलं घर ४५ लाखांच्या आत आणि बडोद्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल, तर जीएसटी १ टक्का लागतो, एरवी ५. बिल्डरने ५ टक्के लावले असतील तर विचारा.

घर मिळालं, पण मेंटेनन्स झेपेल का?

हप्त्याची चौकशी सगळे करतात, मेंटेनन्सची कोणी करत नाही. महिना १८ हजार कमावणाऱ्या घराला लिफ्टचा करार, कॉमन वीज, पंप, वॉचमन असे दोन हजार जड जातात. चार जणांनी भरणं थांबवलं की लिफ्ट बंद पडते, मग सातव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकते. वडीलधारे घरात असतील तर घरांच्या ड्रॉमध्ये (सोडतीत) खालचा मजला मागा, पूर न येणाऱ्या भागात. सोसायटीची नोंदणी पहिल्या वर्षातच करून घ्या.

आमची सोसायटी जुनी झाली. रिडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यांची संमती लागते का?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षांपेक्षा जुन्या इमारतीसाठी ७५ टक्के सभासदांची संमती पुरते. करारात आधीचं कार्पेट, नवं कार्पेट, मधल्या काळातलं भाडं आणि बीयू परमिशनची (इमारत वापरायच्या परवानगीची) मुदत लिहून घ्या. जास्तीच्या एफएसआयचे पैसे जंत्रीवर, म्हणजे सरकारी दरांवर, ठरतात, आणि जमिनीची जंत्री एप्रिल २०२३ मध्ये दुप्पट झाली. त्याआधीचे हिशेब कोणी दाखवत असेल तर ते कालबाह्य आहेत.

हरकत कधी आणि कशी नोंदवायची?

टीपी स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना, विकास आराखड्यासाठी दोन महिने. मुदत गेली की चांगला मुद्दाही वाया जातो. अर्ज गुजरातीत द्या, नसेल येत तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या. स्कीम नंबर, सर्व्हे नंबर, फायनल प्लॉट नंबर घाला, नकाशाची प्रत जोडा. नुसतं ‘उंची कमी करा’ असं लिहू नका. कोणत्या रस्त्यावर, का, आणि त्याऐवजी काय हवं ते लिहा. त्याच अर्जात दुसरा मुद्दा म्हणून राखीव दहा टक्क्यांचा प्लॉट कुठे आहे, त्याला रस्ता किती मीटरचा आणि शहर बसचा थांबा किती लांब, हे विचारा. दहा-वीस घरांनी वेगवेगळे अर्ज दिले तर सुनावणीत प्रत्येकाला बोलता येतं. दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत जपून ठेवा.